अंगठ्याचा मासा : ठशांचं शुभेच्छापत्र



श्रावण लागला की आमच्या किनाऱ्यावरच्या वर्गात पुस्तकापेक्षा नारळी पौर्णिमेची चर्चा जास्त. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात गेलेल्या असतात. थळ, वरसोलीपासून मुरूड, राजपुरी आणि खाली श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत कोळीवाड्यांत तयारी चाललेली असते. सोनेरी कागदात सजवलेला नारळ वाजतगाजत समुद्राकडे न्यायचा आणि त्याला अर्पण करायचा. त्याच दिवशी राखी. म्हणजे एकाच दिवशी समुद्राला नारळ आणि भावाला राखी. पण भाऊ, काका, मामा असे अनेक जण मुंबई-पनवेलला कामाला असतात. त्यांना राखी टपालाने जाते. त्या राखीसोबत मुलांनी स्वतः केलेलं शुभेच्छापत्र जावं, म्हणून दरवर्षी मी वर्गात ठसेकाम घेते.

ठसेच का? कारण वर्गात चित्र काढायला सांगितलं की चार-पाच मुलं लगेच म्हणतात, "बाई, मला चित्र येत नाही." ठसा उमटवायचा म्हटलं की हे वाक्य ऐकू येत नाही. ठसा उमटवायला हात सुबक असावा लागत नाही, थोडा धीर आणि नीट दाब पुरतो. शिवाय एक ठसा दहा वेळा उमटतो. त्यामुळे पहिला बिघडला तरी मूल रडत नाही, दुसरा उमटवतं.

आज ही कृती सविस्तर सांगते. शेवटी मला स्वतःला या कामातून मिळालेला एक धडाही सांगणार आहे. तो मात्र जरूर वाचा.

ठसा आपल्या घरातच आहे

मुलांना सुरुवातीला एवढंच विचारा, "गौरी घरात येतात तेव्हा पावलं कशी काढतात?" बहुतेकांना माहीत असतं. मूठ वळायची, करंगळीची बाजू तांदळाच्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची, मग बोटांची टोकं टेकवून पावलाची बोटं करायची. डाव्या आणि उजव्या मुठीची दोन पावलं म्हणजे एकमेकांचं आरशातलं रूप. हा झाला आपला पहिला ठसा. त्याला बाजारातून काहीही आणावं लागत नाही.

दुसरं उदाहरण भाषेतलं. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण सहज वापरतो. जुन्या मराठी राजपत्रांत शिक्का म्हणजे मुख्य मुद्रा आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपतो तिथे उमटवायची छोटी मुद्रा. पत्र इथे संपलं, यापुढे कुणी काही वाढवू नये, ही त्या मोर्तबाची खूण. रायगड जिल्ह्यात राहणाऱ्या मुलांना शिवरायांची राजमुद्रा चित्रात पाहून माहीत असते. शेवटच्या मोर्तबाबद्दल सांगितलं की त्यांना नवल वाटतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं उदाहरण शाळेतलंच. कार्यालयातला लाकडी मुठीचा रबरी शिक्का, तारखेचा फिरता शिक्का आणि पत्र्याच्या डबीतली जांभळ्या शाईची गादी. एखादा रद्द झालेला किंवा 'पोहोच मिळाली' असा साधा शिक्का मुलांना हातात घेऊन पाहू द्या. शाळेचा गोल शिक्का आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा शिक्का मात्र कपाटातच राहू दे. तो का देत नाही, हेही मुलांना सांगा. तो उमटला की कागद खरा मानला जातो, म्हणून तो खेळण्यात येत नाही.

रबरी शिक्का बनतो कसा?

शिक्का हातात घेतल्यावर मुलांचा पहिला प्रश्न असतो, "बाई, अक्षरं उलटी का?" उत्तर लगेच देऊ नका. शिक्का आरशासमोर धरायला सांगा.

रबर मुळात उन्हात चिकट आणि थंडीत कडक होणारा पदार्थ. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये असं आढळलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते टिकाऊ आणि लवचिक होतं. रबरी शिक्के त्यानंतरच शक्य झाले. जुन्या पद्धतीत आधी छापखान्यातले खिळे जुळवून मजकूर तयार करत. ते खिळे ओल्या प्लॅस्टरमध्ये दाबून साचा घेत. वाळलेल्या साच्यावर कच्च्या रबराचा पत्रा दाबून तापवत. मग तो सोलून, कापून लाकडी मुठीला चिकटवत. आता बरेच शिक्के वेगळ्या पद्धतीने होतात, पण वर्गात समजावून सांगायला ही जुनी पद्धतच सोपी.

फळ्यावर चार खाने आखा. खिळा उलटा, साचा सुलटा, रबर उलटं, कागद सुलटा. प्रत्येक वेळी ठसा घेतला की बाजू बदलते. पेणचे गणपतीचे साचे पाहिलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट चटकन कळते. साच्यात जिथे खोलगट, तिथे मूर्तीत उंचवटा.

मग एक कोडं घाला. आपल्या मुळाक्षरांतलं कोणतं अक्षर आरशातही जवळपास तसंच दिसतं? मुलं सगळी मुळाक्षरं लिहून पाहतात. उत्तर सापडतं तेव्हा हशा होतो, कारण ते 'ठसा'मधलंच 'ठ' असतं. अंकांमध्ये शून्य. बाकीची बहुतेक अक्षरं कोरताना उलटी काढावी लागतात. त्यासाठी मऊ पेन्सिलीने कागदावर अक्षर सुलटं काढा, कागद खोडरबरावर पालथा ठेवा आणि पाठीवर नखाने घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं.

लागणारे साहित्य

१. शाईची गादी. जुनी कोरडी पडलेली असली तरी चालेल. नसेल तर डबीच्या उथळ झाकणात जुन्या सुती कापडाच्या पाच-सहा घड्या ठेवा.
२. ठशाची शाई. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ही नको, पोस्टर रंग किंवा पाण्यात कालवलेली हळद घ्या.
३. चित्रकलेचा जाडसर, खरखरीत कागद. चकचकीत कागद अजिबात नको.
४. ठशांसाठी भेंडी, केळीच्या पानाचा देठ, शिरा असलेले शिंपले, फाटक्या जाळ्याचा तुकडा, खोडरबर, जुन्या हवाई चपलेचा तळवा, बाटल्यांची बुचं, गोंद.
५. जुनी वर्तमानपत्रं, ओलं फडकं, साबण, मेणबत्तीचा तुकडा.

चपलेचा तळवा किंवा खोडरबर कापायचं काम शिक्षकांनी किंवा पालकांनीच करायचं. मुलांच्या हातात कटर देऊ नका.

कोणता ठसा, काय चित्र?

ठशाचं सगळं मर्म उंच आणि खोल भागात आहे. उंच भागाला शाई लागते, खोल भाग कोरा राहतो. गाजराची चकती उमटवली तर नुसता गोल डाग येतो, कारण तिला पोकळी नाही. भेंडी आडवी कापली की आत कप्पे असतात, म्हणून फूल उमटतं. हे आधी सांगू नका. दोन्ही ठसे मुलांना घेऊ द्या आणि फरक त्यांनाच शोधू द्या.

केळीच्या पानाचा देठ आडवा कापा. बाहेरून तो होडीच्या आकाराचा असतो आणि आत हवेच्या पोकळ्यांची जाळी असते. कागदावर तो टेकवला की तयार होडी! शिडासाठी खोडरबराचा त्रिकोण. जाळ्याचा तुकडा लाकडी ठोकळ्याला चिकटवला की जाळ्याचंच चित्र मिळतं. शिंपल्याच्या शिरांच्या लाटा होतात. बाटलीच्या बुचावर चपलेच्या रबराची गोल चकती चिकटवून तिला तीन छोटी भोकं पाडली की नारळ, तीन डोळ्यांसकट. आणि मासा? मासा अंगठ्याचा. अंगठा आडवा टेकवायचा, वाळला की पेनाने शेपटी आणि डोळा काढायचा.

कृती

१. भाजीचे ठसे आदल्या तासाला कापून सुती फडक्यावर पालथे ठेवा. ओला काप घेतला तर रस शाईत मिसळतो आणि ठसा पसरतो.

२. ए-चार आकाराचा कागद मध्ये दुमडा, पुन्हा मध्ये दुमडा. वरचं पान पेन्सिलीने 'दर्शनी', आतलं 'मजकूर' असं खुणावून कागद उघडा. उघड्या कागदावर मजकुराची बाजू उलटी दिसेल, म्हणून ही खूण हवीच. एकदा खूण न करता काम घेतलं, तर निम्म्या वर्गाच्या होड्या पालथ्या झाल्या होत्या! दुहेरी घडीचा फायदा असा की पाठीमागे फुटलेली शाई घडीच्या आत लपते.

३. गादीवर ठसा दोनदा हलका टेकवा. एकदा जोरात दाबला की खाचांत शाई भरते आणि नक्षी बुजते.

४. ठसा कागदावर सरळ टेकवा, तीन मोजेपर्यंत सारखा दाब द्या, सरळ उचला. डुलवू नका, सरकवू नका. रबर मऊ असल्यामुळे ते कागदाच्या खरखरीतपणाशी स्वतःच जुळवून घेतं. त्याला कडक टेबल चालतं. शिंपला आणि लाकूड कडक असतात, म्हणून त्यांच्यासाठी कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा.

५. एकदा शाई लावली की तीन ठसे घ्या. पहिला गडद, दुसरा स्वच्छ, तिसरा फिका. मुलं तिसरा टाकून देतात. त्यांना सांगा, गडद होडी जवळची, फिकी होडी लांबची. एका ठशातून समुद्राची खोली येते.

६. चित्र पूर्ण वाळल्यावरच मजकूर लिहा. मजकूर मुलांचा स्वतःचा हवा. 'हार्दिक शुभेच्छा' फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा घरची एक खरी बातमी लिहायला सांगा. "दादा, आपली होडी रंगवली. पुढे निळा आणि मागे पिवळा रंग दिला." एवढं पुरे.

श्रावणातली शाई

ठसेकाम शिकवणाऱ्या पुस्तकांत "दोन मिनिटांत वाळते" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे श्रावणात वाळत नाही. यामागे कारण आहे. गादी सुकू नये म्हणून ठशाच्या शाईत ग्लिसरीनसारखा पदार्थ घालतात. तो हवेतली ओल धरून ठेवतो. समुद्रकाठची हवा पावसाळ्यात आधीच दमट, त्यामुळे शाई बराच वेळ ओलसर राहते. खरखरीत कागदात ती तंतूंमध्ये शिरते, चकचकीत कागदावर मात्र वरच तरंगते आणि बोट लागलं की फराटा उठतो. म्हणून कार्डं रात्रभर मोकळी पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी जाड पुस्तकांखाली दाबा. दमट हवेत कागद वळतो, तो सरळ होईल.

जांभळी शाई पाण्यात विरघळते. टपालात पावसाचा एक थेंब पडला तरी होडी बुडाली! पूर्वी पार्सलवरच्या पत्त्यावर मेणबत्ती घासायचे, आठवतं? तीच युक्ती इथे करा. ठसा पूर्ण वाळल्यावर त्यावरून मेणबत्तीचा तुकडा हलक्या हाताने फिरवा. पत्ता बॉलपेननेच लिहा. राखीच्या दिवसांत टपाल खात्याची पाणी न शिरणारी पाकिटंही मिळतात.

गादी कोरडी असेल तर मध्यभागी थेंब थेंब शाई सोडा, चमच्याच्या पाठीने पसरवा, रात्रभर मुरू द्या. वापर झाला की डबी घट्ट मिटून पालथी ठेवा, म्हणजे शाई वरच्या थरात राहते. रबरी ठसे साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. उन्हातही ठेवू नका, तडे जातात.

आजीचा अंगठा

आता तो धडा. एका वर्षी मी गृहपाठ दिला, "घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा मासा कार्डावर घेऊन या." मुलांना मजा वाटेल, घरचेही सामील होतील, असा साधा विचार होता. दुसऱ्या दिवशी पाचवीतला एक मुलगा कोरं कार्ड घेऊन आला. म्हणाला, "आजी नाय बोलली."

संध्याकाळी त्याच्या घराकडूनच जायचं होतं, म्हणून डोकावले. आजी ओट्यावर जाळं विणत बसल्या होत्या. मी विषय काढला तशा त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "अंगठा क्याला? कोनचा कागद हाय?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. आमच्या वर्गातली जांभळी गादी त्यांच्या ओळखीची होती. सोसायटीच्या कर्जाला, रेशनला, जमिनीच्या कागदाला त्यांनी आयुष्यभर त्याच गादीत अंगठा बुडवला होता. वर काय लिहिलंय ते एकदाही वाचता आलं नव्हतं. ज्याला आपण गंमत म्हणून 'अंगठ्याचा ठसा' म्हणतो, तो त्यांच्यासाठी भीतीचा होता. 'अंगठाबहाद्दर' हा शब्दही त्यांनी कधी ना कधी ऐकलाच असणार. मी मात्र हे काहीही न विचारता गृहपाठ देऊन मोकळी झाले होते.

मी नातवाला म्हटलं, "आधी आजीला कार्ड वाचून दाखव. सगळं." त्याने वाचलं. मुंबईच्या काकांना लिहिलेल्या चार ओळी होत्या. एका ठिकाणी तो अडखळला, आजींनी त्याला परत वाचायला लावलं. पत्र संपल्यावर त्यांनी विचारलं, "येवढाच?" तो म्हणाला, "येवढाच." मग त्यांनी पदराला हात पुसला आणि अंगठा पुढे केला. एक मासा झाला. मी गादी मिटायला लागले तर म्हणाल्या, "येक नको. त्यांची चौघां हायत." चार मासे झाले.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात ठसेकामाचा एकच नियम आहे : आधी वाचायचं, मग ठसा. घरातल्या कुणाचाही अंगठा घेण्याआधी मूल त्या व्यक्तीला पूर्ण कार्ड वाचून दाखवतं. ठसा मजकुराच्या अगदी शेवटी येतो, मोर्तबासारखा. त्याच्यापुढे कुणी काही लिहायचं नाही. आणि कुणी नको म्हटलं तर नको. त्या कार्डावर केळीच्या देठाची होडी जाते, कार्ड कमी पडत नाही.

शुभेच्छापत्राच्या निमित्ताने मुलं एवढं शिकली तरी पुष्कळ झालं. पुढे यांच्यापैकी कुणी कर्जाच्या, कुणी नोकरीच्या कागदावर सही करेल, मोबाइलवर 'मान्य आहे' दाबेल. तेही ठसेच आहेत. आधी वाचायचं, ही सवय दहाव्या वर्षी लागली तर बरी. आणि ज्या घरात वाचता येणारं पहिलं माणूस हे मूलच आहे, तिथे त्याच्या वाचनाचा उपयोग घरच्यांनाही व्हावा.

इतर विषयांशी सांगड

*गणित* : ए-चार आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. कागदाच्या गठ्ठ्यावर १६० जीएसएम लिहिलं असेल तर एक चौरस मीटर कागदाचं वजन १६० ग्रॅम. मग आपल्या एका कार्डाचं वजन किती? १० ग्रॅम. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंत असतो. उरलेल्या १० ग्रॅममध्ये पाकीट आणि राखी बसते का, ते किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून पाहा.

*परिसर अभ्यास* : भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, तेव्हा किंमत होती पाव आणा. साधं पोस्टकार्ड ५० पैशांचं. पाकिटाऐवजी १४ बाय ९ सेंटिमीटरच्या पोस्टकार्डावरही ठसेकाम करता येतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या मराठी मुलुखातलेच, संस्कृतचे पंडित. अलिबागचा पिनकोड ४०२२०१. त्यातला पहिला अंक कशाचा, ते मुलांना शोधू द्या.

*विज्ञान* : भिंगातून अंगठ्याचा ठसा पाहा. रेषा कमानीसारख्या आहेत, फासासारख्या की भोवऱ्यासारख्या? जुळ्या भावंडांचेही ठसे सारखे नसतात. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, हेही सांगा.

जमल्यास मुलांना टपाल कार्यालयात न्या. आपण लावलेल्या तिकिटावर तिथला शिक्का पडताना त्यांना पाहू द्या. घरात एक ठसा, टपालात दुसरा ठसा, आणि मग कार्ड निघालं.

पालकहो, घरी करणार असाल तर एक गादी, एक भेंडी आणि एक सुट्टीचा दिवस पुरे. आजी-आजोबांना सोबत बसवा. आधी वाचून दाखवा. मग त्यांचा मासा मागा.